मधल्या रकान्यातलं नाव

तूतूंच्या घरात पाऊल टाकायचं तर आधी दाराबाहेर उभं राहून स्वतःच्या आजीचं नाव सांगावं लागे. पोस्टमनला लागे, हीटरचं मीटर वाचायला येणाऱ्याला लागे, तळमजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांनाही लागे. बेल वाजवली की आतून प्रश्न यायचा, "कोणाचं कोण?" उत्तर मिळेपर्यंत दाराची साखळी निघत नसे. प्राध्यापक पहिल्यांदा चिडले, दुसऱ्यांदा हसले आणि नंतर मुकाट्याने "एलिझाबेथ" म्हणून आत जाऊ लागले.

मी हायडेलबर्गला पीएचडीसाठी आले ते २००४ साली. तिसऱ्या मजल्यावर माझी एक खोली आणि समोर त्यांचं घर. आमच्या इमारतीत जिना पुसण्याच्या पाळीची एक लाकडी पाटी होती. आपली पाळी झाली की ती शेजारच्या दाराला अडकवायची. पहिल्याच आठवड्यात मी घाबरत घाबरत फरशी पुसली आणि पाटी हातोहात द्यावी म्हणून समोरची बेल वाजवली. प्रश्न आला. मला वाटलं जर्मनीतली काहीतरी रीत असेल. म्हणाले, "सरस्वती."

 आतून आवाज आला, "ते तिचं नाव नाही."

आता माझ्या आजीचं नाव मला माहीत नसेल तर कोणाला असणार? मी पाटी कडीला लटकवून तणतणत परत आले. रविवारी पुण्याला फोन केला तेव्हा माईआत्याला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "अगं, खरंच आहे ते. सरस्वती हे सासरचं नाव. माहेरची ती यमुना. लग्नात तांदळावर लिहून बदललं ना तिचं नाव! आम्हाला तरी कुठे माहीत होतं? तिचा भाऊ आला होता एकदा, तो यमे म्हणाला तेव्हा कळलं. पण तुला गं कोणी सांगितलं तिकडे?"

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बेल वाजवली आणि "यमुना" म्हणाले. साखळी निघाली. दारात गुडघ्यापर्यंतचा निळा झगा घातलेल्या, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. रंग माझ्यासारखाच. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू नाव घेतलंस तेव्हा तुझ्यामागे कोणी वळून बघितलं नाही." आणि मला कॉफी दिली. कॉफी उत्तम होती, पण मी ती दाराकडे पाठ न करता प्यायले.

त्यांचं कागदोपत्री नाव हेलेन क्रेमर. जन्म हवाई बेटांवरचा. तिथल्या एका बंदरात जहाजावरचे इंजिनियर असलेले क्रेमर भेटले, त्यांच्याशी लग्न करून त्या चाळीसेक वर्षांपूर्वी इकडे आल्या. क्रेमर वारले. एकुलती मुलगी नेकार नदीच्या पुलावर सायकल घसरून गेली, तेव्हा तिची मुलगी लेना सात महिन्यांची होती. लेनाच्या वडिलांचा पत्ता कोणालाच ठाऊक नव्हता. तेव्हापासून आजी आणि नात. 'तूतू' म्हणजे त्यांच्याकडे आजी. सगळी इमारत त्यांना तूतूच म्हणायची, मीही म्हणू लागले.

बाई प्रेमळ होत्या, यात वादच नाही. मला ताप आला तर आल्याचा रस्सा घेऊन यायच्या, लॅबमधून उशीर झाला तर माझ्या दाराला डबा अडकवून जायच्या. पण त्यांच्या प्रेमळपणात दरवेळी काहीतरी अंगावर येणारं असायचं. बोलता बोलता एखाद्या गेलेल्या माणसाचं नाव निघालं की त्या सोफ्यावर जराशा डावीकडे सरकायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हाक मारली की जागा द्यावी लागते. बोलवायचं आणि उभं ठेवायचं, हे वाईट दिसतं." मी विज्ञानाची विद्यार्थिनी. असल्या गोष्टींना हसून सोडून द्यायचं हे मला येत होतं. फक्त त्यांच्या सोफ्यावर त्यांच्या उजवीकडे बसायचं मी हळूहळू बंद केलं.

२००५च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी त्यांना सांगितलं की हृदय फार काळ साथ देणार नाही. वर्ष, फार तर दोन. लेना तेव्हा दहा वर्षांची. युगेंडआम्टच्या, म्हणजे मुलांची काळजी घेणाऱ्या सरकारी खात्याच्या बाई येऊन गोड शब्दांत सांगून गेल्या की वेळ आलीच तर एखादं चांगलं पालक-कुटुंब शोधू. त्या गेल्यावर तूतूंनी माझ्यासमोर एक जाडजूड पाकीट ठेवलं. त्यांच्या बेटावर एक खासगी शाळा होती, फक्त तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी काढलेली. भाषा, गाणी, शेती, होड्या, सगळं त्यांचं त्यांचं. वसतिगृह होतं. सुट्टीत लेनाला घरी न्यायला तूतूंची एक भाची तयार होती. प्रवेश मिळाला तर लेना आपल्या माणसांत वाढेल, नाही मिळाला तर तूतूंमागे परक्या घरात. मुदत सप्टेंबरअखेर.

"तू इंग्रजी लिहितेस," त्या म्हणाल्या. "हा अर्ज तू भर."

अर्जातला सगळ्यात कठीण भाग वंशावळीचा होता. मुलगी खरंच त्या बेटांची आहे हे पिढ्यांमागून पिढ्यांची नावं आणि दाखले देऊन सिद्ध करायचं होतं. मी पेन काढलं तर तूतूंनी माझा हात धरला. "कागद नंतर. आधी तोंडानं." मग त्यांनी स्वयंपाकघरातली एक खुर्ची ओढली आणि एक नाव उच्चारलं. दुसरी ओढली, दुसरं नाव. एकेक नाव घ्यायचं, खुर्ची द्यायची आणि मग मी लिहायचं. चार खुर्च्या संपल्यावर त्या माझ्या घरातल्या दोन घेऊन आल्या. प्राध्यापकांकडूनही एक मागवली. मी गंमत बघत होते, पण शेवटी त्या छोट्या स्वयंपाकघरात सात रिकाम्या खुर्च्या टेबलाकडे तोंड करून मांडलेल्या आणि मधे मी एकटी अर्ज भरतेय, असं झालं तेव्हा गंमत वाटेना. एका खुर्चीवर मी पर्स ठेवली होती. तूतू हळूच म्हणाल्या, "ती उचल. माझी आई अवघडून बसली आहे."

तर अशा वातावरणात मी तो अर्ज भरला. पहिल्या पानावर मुलीच्या नावाचे तीन रकाने होते. पहिलं नाव लेना, आडनाव क्रेमर. मधला रकाना रिकामा. आणि इथे मी शहाणपणा केला. आपल्याकडे शाळा असो, बँक असो, रेशनकार्ड असो, मधल्या रकान्यात वडिलांचं नाव येतं. तो रकाना रिकामा सोडला तर कारकून अर्ज तोंडावर फेकतो, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं. लेनाचे वडील माहीत नाहीत, आजोबा क्रेमर पडले जर्मन. मग बेटांच्या शाळेला बेटांवरचाच पूर्वज दाखवलेला बरा, असा हिशेब करून मी वंशावळीच्या पानावरून तूतूंच्या वडिलांचं नाव उचललं आणि मधे लिहून टाकलं. लेना कानोआ क्रेमर. छान दिसत होतं. तूतूंनी न वाचताच सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली, हे मला आजही टोचतं.

नोव्हेंबरात शाळेचं पत्र आलं. अर्जातलं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव जुळत नाही, तरी लेखी खुलासा करावा किंवा नाव दुरुस्त करावं, त्यानंतरच अर्जाचा विचार होईल. मी पत्र तूतूंना टेबलाशी बसून वाचून दाखवलं आणि हसत हसत आमच्या मधल्या नावाची रीत समजावून सांगितली. त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"हे नाव तिथे लिहायला तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वंशावळीत होतं, तिथून घेतलं."

"वंशावळीत सात नावं होती," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देते. "माझी मुलगी सात महिन्यांची गरोदर होती. मी दुपारी आडवी झाले होते, डोळा लागला. माझे वारलेले वडील आले, ओल्या पायांनी, खाटेशी उभे राहिले आणि म्हणाले, हिला माझं नाव द्या. आमच्याकडे असं नाव आलं की ते द्यावंच लागतं. आपण निवडलेलं नसतं ते. मी मुलीला सांगितलं. ती म्हणाली, आई, या नावानं पोरीला इथल्या शाळेत काय काय ऐकून घ्यावं लागेल. नको. आणि लेना नाव ठेवलं. सात महिन्यांनी पुलावर बर्फ नव्हता, मेधा. कोरडा रस्ता होता. पोलिसांनी लिहिलंय तसं. फक्त ती पडली होती तेवढी जागा ओली होती."

मी काहीतरी बोलले असेन. योगायोग वगैरे. लेना दारात उभी होती हे आम्हा दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं. हातात सफरचंद, तोंड भरलेलं. ती अगदी सहज जर्मनमध्ये म्हणाली, "कानोआ? पण तो मला त्याच नावानं हाक मारतो ना. जिन्यातला आजोबा." आणि मग जराशी कचरून, "मी ओ देत नाही हं, तूतू. तू कधी सांगितलं नव्हतंस की ते माझं आहे."

त्या दिवसापासून मी जिना पुसताना मधल्या टप्प्यावर जरा घाईच करू लागले. तिथे फरशी कधीच नीट वाळत नसे. जुनी इमारत, ओल असणारच, असं प्राध्यापक म्हणाले आणि मीही तेच म्हणाले.

आता पेच असा होता. नाव खोडलं तर अर्ज मार्गी लागेल. पण खोडणं म्हणजे वडिलांचं नाव दुसऱ्यांदा नाकारणं. आणि पहिल्यांदा नाकारलं त्याची किंमत काय पडली याबद्दल तूतूंच्या मनात तीळभर शंका नव्हती. तिसरा मार्ग एकच, लेनाच्या जन्मदाखल्यावरच ते नाव चढवायचं. त्यासाठी आम्ही दोघी जन्मनोंदणीच्या कचेरीत गेलो. तिथले गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "हे बघा, नाव बदलायला सबळ कारण लागतं. आपलं कारण काय?"

तूतू म्हणाल्या, "तुमच्या फायलींच्या कपाटापाशी उभं आहे."

त्या गृहस्थांनी कपाटाकडे बघितलं नसतं तर बरं झालं असतं. त्यांनी बघितलं, खुर्ची थोडी पुढे ओढली आणि नियमाचं पुस्तक काढून आम्हाला तीन परिच्छेद वाचून दाखवले. त्यात मेलेल्या वडिलांची इच्छा हे कारण नव्हतं.  परत येताना बसमध्ये माझ्या शेजारची सीट रिकामी होती तरी तूतू उभ्याच राहिल्या.

डिसेंबरच्या अखेरीस एका दुपारी त्यांनी मला बोलावलं. "लिही," म्हणाल्या. "मधलं नाव चुकून लिहिलं गेलं, ते खोडून टाकावं."

"तूतू, खरंच?"

"पोरीला शाळा मिळाली पाहिजे. माझं वडिलांशी बोलणं झालंय. मागच्या वेळी तुम्ही माझी मुलगी घेतलीत, म्हटलं. यावेळी नाही म्हणणारी मी आहे, तर मला न्या. लेनाला हात लावायचा नाही." हे त्यांनी दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी टाक म्हणून सांगावं इतक्या साध्या आवाजात सांगितलं. मी पत्र लिहिलं. अर्जावर न वाचताच सही केली होती, हे मात्र त्यांनी दोनदा वाचलं आणि मग सही केली. "टाकशील तेव्हा मला सांगू नकोस," म्हणाल्या. "मला दिवस मोजायचे नाहीत."

मी ते पाकीट घेऊन चौकातल्या पिवळ्या पेटीपाशी गेले. आणि माझ्याच्यानं ते टाकवेना. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण चूक माझी, रकाना मी भरलेला, आणि प्रायश्चित्त या बाईने घ्यायचं, हे काही केल्या पटेना. मी पाकीट कोटाच्या खिशात ठेवलं, घरी आले आणि शाळेला माझ्या नावाने दुसरं पत्र लिहिलं. सगळं लिहिलं. आमच्याकडची मधल्या नावाची सवय, तूतूंना पडलेलं स्वप्न, त्यांच्या मुलीनं मोडता घातला ते, लेना जिन्यात काय ऐकते ते. वर विनंती केली की हे नाव खोडायला सांगू नका, आणि खोडल्याशिवाय प्रवेश मिळणारच नसेल तर तसं कळवा, मी आजींच्या सहीचं पत्र पाठवते. जगातल्या कुठल्याही कचेरीने हे पत्र केराच्या टोपलीत टाकलं असतं. दुसऱ्या दिवशी मी ते पोस्टात दिलं. तूतूंना सांगितलं नाही. उत्तर काय येईल याची खात्री नव्हती, उगाच आशा कशाला लावा, असा विचार केला. शिवाय त्यांनीच सांगू नकोस म्हटलं होतं. या दोन कारणांच्या आड मी तेव्हापासून लपून बसले आहे.

नंतरचे दिवस तूतू विलक्षण आनंदात होत्या. कपाटं आवरली, लेनाला केस विंचरून वेणी घालायला शिकवलं, प्राध्यापकांना त्यांची खुर्ची परत केली. मला म्हणाल्या, "आता सगळं ठरलंय." मला ते म्हातारपणातलं निरवानिरवीचं बोलणं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं एकदा, की तूतू, ते पत्र माझ्या कोटात आहे. तेवढ्यात लेना शाळेतून आली आणि राहून गेलं.

सही केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले हृदय, हे होणारच होतं, जरा लवकर झालं इतकंच. मी पोचले तेव्हा त्या टेबलाशी शांत बसलेल्या होत्या. समोरची खुर्ची बाहेर ओढलेली होती आणि तिच्यापुढेही एक कप भरून ठेवलेला होता. त्या खुर्चीखाली पाणी सांडलं होतं, ते मी कोणाला काही न बोलता पुसलं.

लेनाला काही दिवस माझ्याकडे राहू द्यायला युगेंडआम्टच्या बाई कबूल झाल्या. अंत्यविधीनंतर सहाव्या दिवशी, संध्याकाळी सातच्या सुमारास, आम्ही दोघी तूतूंच्या घरी कपड्यांच्या घड्या घालत होतो. घरात तिसरं कोणी नव्हतं. फोन वाजला. शाळेच्या प्रवेश कार्यालयातल्या बाई होत्या, तिकडे नुकती सकाळ झाली होती. आवाज वयस्कर, मायाळू. मी माझं नाव सांगितलं.

"तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं," त्या म्हणाल्या. "असं आलेलं नाव आम्ही खोडत नसतो. कधीच नाही. आमच्याकडे त्यासाठी वेगळी नोंद असते. दाखल्यावर काहीही असो, इथे ती कानोआच. जागा तिची आहे. तिच्या आजीला द्या फोन, मला स्वतः सांगायचंय."

तूतू गेल्याचं मी सांगितलं.  मग त्यांनी लेनाला फोनवर बोलावलं आणि तुझं नाव काय असं विचारलं. लेनाने माझ्याकडे बघितलं, हातातली घडी खाली ठेवली आणि पूर्ण नाव सांगितलं, मधल्या नावासकट, पहिल्यांदा. तिची मुलाखत तेवढीच झाली. मला हायसं वाटलं, पण क्षणभरच. साधा एक खुलासा पुरला होता. कोणालाही काहीही द्यावं लागणार नव्हतं. आणि तूतू मात्र आपण नाकारलं, आपण सौदा केला आणि तो पाळला, असं समजून गेल्या होत्या. मी एक वाक्य बोलले असते तर त्या आज इथे फोन घेऊन रडल्या असत्या.

फोन पुन्हा माझ्या हातात आला. बाई म्हणाल्या, "निदान एवढं समाधान की जाण्याआधी त्यांना माहीत होतं. नाव खोडलं गेलं नाही, हे तुम्ही त्यांना सांगितलं होतंत ना?"

लेना समोर उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणाले, "हो."

 पलीकडे बाईंनी आवाज खाली आणून विचारलं, "मग मागून आमच्या भाषेत 'नाही' म्हणाले, ते आजोबा कोण?"